कडप्प्यावरचा गुणाकार

आमच्या वॉर्डातल्या सिस्टरबाई आपल्या मुलासाठी मुलगी बघत होत्या. दुपारच्या चहाला त्या आमच्या रक्तपेढीत यायच्या आणि चहा संपेपर्यंत अपेक्षा सांगत बसायच्या. मुलगी गोरी हवी, उंच हवी, पुण्यात नोकरी हवी, घरात मराठी बोलणारी पण कानडी समजणारी हवी, आणि वर भाकरीही थापता आली पाहिजे. आमचे सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे रोज ऐकायचे. एक दिवस त्यांनी कप खाली ठेवला, कोटाच्या खिशातून खडू काढला आणि कडप्प्याच्या काळ्या ओट्यावर लिहायला सुरुवात केली.

"गोरी किती धरू? दहात दोन? उंच, चारात एक. पुण्यात नोकरी..."

एकाखाली एक आकडे मांडून झाले, त्यांचा गुणाकार झाला, हुबळी-धारवाडात लग्नाच्या मराठी मुली किती असतील याचा अंदाज धरून त्यालाही गुणून झालं. मग सर वळून म्हणाले, "सिस्टर, अभिनंदन. मुलगी निघाली. पण पाव निघाली. पाव मुलीशी लग्न लावायची तयारी आहे का तुमची?"

सिस्टरबाई तडक उठून गेल्या. दोन-चार दिवस चहाला फिरकल्या नाहीत. मग एका दुपारी आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "गोरी काढून बघा की, सर."

गोरी काढली तर सव्वा मुलगी निघाली. "सव्वा चालेल," सिस्टरबाई म्हणाल्या. त्यांची सून आज हुबळीतच आहे, चांगली काळीसावळी आहे, आणि सिस्टरबाई तिचं कौतुक करताना थकत नाहीत.

सर म्हणजे आमच्या रक्तपेढीचे प्रमुख. देशपांडे नगराच्या मागच्या अंगाला आमची रक्तपेढी. मी तिथे तंत्रज्ञ म्हणून लागले ती सरळ त्यांच्याच हाताखाली. ते राहायचे धारवाडला, केलगेरीच्या तळ्याजवळ, आणि हुबळीला रोज बसने यायचे. गाडी होती, पण ती अक्का चालवायच्या, म्हणजे सरांच्या पत्नी. सरांना गाडी चालवू द्यायची नाही हा त्यांचा नियम होता, कारण सर सिग्नलला उभे राहिले की पुढच्या गाड्यांच्या नंबरांत रमायचे आणि मागून हॉर्न वाजले तरी हलायचे नाहीत.

आल्याआल्या ते आम्हाला बसचा हिशोब सांगायचे. खिडकी मिळाली, शेजारी बारीक माणूस आला, कंडक्टरने सुटे मागितले नाहीत आणि ड्रायव्हरने गाणी लावली नाहीत, असं सगळं एका सकाळी जुळून आलं की त्या दिवशी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा. "ह्याची शक्यता किती होती ठाऊक आहे?" असं म्हणून खडू हातात घ्यायचे. आम्ही नळ्या लावत हो हो म्हणायचो. ऐकलं नाही तरी चालायचं, त्यांना फक्त कुणीतरी समोर हवं असायचं.

नम्रता नावाची वस्तू सरांकडे औषधालाही नव्हती. "रक्तपेढी चालवावी तर मी" हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे, आणि चिडायचं कसं, तर ते खरंच होतं. पिशवीवर लेबल कणभर तिरकं लागलं तरी त्यांना खपायचं नाही. आमच्यापैकी कुणी "नशीब म्हणायचं" असं बोललं की त्याने त्या दिवशी सगळ्यांसाठी कोपऱ्यावरून चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीची भजी आणायची, हा दंड. "नशीब म्हणजे न केलेला गुणाकार," सर म्हणायचे, आणि दुसऱ्याच्या पैशाची मिरची मन लावून खायचे.

एकदा त्यांनी स्वतःचाच हिशोब मांडला. आम्ही काहीजण त्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. डावखुरा, भुवया अशा दाट, घरात मराठी, स्वप्नात कानडी, गणिताचा नाद, तोंडाने फटकळ आणि वांग्याची भाजी आवडत नाही. सगळ्यांचा गुणाकार केला आणि जाहीर केलं, "दोन्ही गावं मिळून असा एकही माणूस निघत नाही. म्हणजे बघा, हिशोबाप्रमाणे मी नाहीच!"

अक्का भाकरी वाढत होत्या. त्या म्हणाल्या, "काय सांगताय! तुमचे अण्णा डावखुरे, धाकटे काका डावखुरे. भुवया तशाच, तोंडं तशीच, आणि वांगं तुमच्या घरात एकालाही चालत नाही. एकाच भट्टीतला माल आहे सगळा. वेगवेगळं कसलं मोजता? सुम्ने, गप जेवा."

आम्ही खदखदून हसलो. सर हात धुताना मला हळूच म्हणाले, "ती म्हणते त्यात तथ्य आहे. पण तिच्यासमोर बोलू नकोस."

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. रक्तगट म्हटलं की लोकांना ए, बी, ओ आणि पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एवढंच आठवतं. पण तांबड्या पेशींवर आणखी कितीतरी खुणा असतात. एरवी त्यांच्याकडे बघायची गरज पडत नाही. पण ज्यांना पूर्वी रक्त चढवलेलं असतं किंवा ज्या बायकांची बाळंतपणं झालेली असतात, त्यांच्यातल्या काहींचं शरीर एखाद्या परक्या खुणेवर डूख धरून बसतं. ती खूण असलेलं रक्त पुन्हा दिलं तर शरीर त्या पेशी फोडून टाकतं आणि जिवावर बेततं. अशा रोग्याला ती खूण नसलेलंच रक्त शोधून द्यावं लागतं. डूख एकाच खुणेवर असेल तर फार अवघड नसतं. दोन-तीन खुणा असल्या की एकेका खुणेचा आकडा घ्यायचा, गुणायचा, आणि किती पिशव्या तपासल्यावर एक मिळेल ते काढायचं. सरांचा खडू खरा ह्याच कामाचा होता. बाकीचं सगळं त्यांचं रियाज म्हणून चालायचं.

वनिता आमच्याकडे आली ती अशी तीन खुणांवर डूख धरून. लॅमिंग्टन रोडजवळच्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. पदरी दोन लहान मुलं. गर्भाशयात गाठी झाल्या होत्या आणि रक्तस्राव थांबत नव्हता. अंगात रक्त असं राहिलंच नव्हतं, ओठ कागदासारखे पांढरे. सर्जनने स्पष्ट सांगितलं होतं की जुळणाऱ्या निदान दोन पिशव्या हाताशी असल्याशिवाय तो तिला टेबलावर घेणार नाही, आणि फार दिवस थांबताही येणार नाही.

अशा वेळी आधी सख्ख्या भावंडांना विचारतात. तिला भावंड नव्हतं. वडील वारलेले, आईचं वय रक्त देण्याच्या पुढे गेलेलं. तिचा नवरा सोलापूरचा, त्याच शाळेत गणित शिकवणारा. सरांनी त्याला ओट्यापाशी बोलावलं आणि त्याच्यासमोर हिशोब मांडला. पहिली खूण दहांतल्या चौघांत नसते, दुसरी दहांतल्या दोघांत, तिसरी निम्म्यांत. त्यातून गट ओ हवा, तो साधारण तिघांत एकाचा.

"शंभरात एखादी पिशवी," सर म्हणाले. "खोटा धीर मी देत नाही."

त्या बिचाऱ्याने आकड्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "गुणाकार बरोबर आहे, सर." मला गलबलून आलं. त्याला चूक सापडायला हवी होती आणि सापडली नाही.

आमच्याकडच्या ओ गटाच्या सगळ्या पिशव्या तपासल्या. एकही जुळली नाही. बेळगावला फोन झाले, बेंगळुरूला झाले. तिकडून "बघतो, कळवतो" ह्यापलीकडे उत्तर येईना. सरांचा बसचा हिशोब नाही, मिरची नाही, स्वतःची स्तुती नाही. ओट्यावरचे वनिताचे आकडे ते कुणाला पुसू देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आणि मी वॉर्डातून परत येत होतो. वनिताची आई बाहेरच्या बाकावर बसून शेजारच्या बाईपाशी डोळे पुसत होती.

"मामाच्या घरी दिली असती तर आज सगळी माणसं धावून आली असती. आता कुणाला हाक मारू?"

सर पुढे गेले होते ते थांबले. परत आले. "कुठल्या मामाच्या घरी?"

"माझ्या भावाच्या, सर. भांड्यांचं दुकान आहे इथं बाजारात. त्याच्या गिरीशला करायची ठरली होती वनिता. हिनं नाही म्हटलं, शाळेतल्या मास्तराशी लग्न लावून मोकळी झाली. तेव्हापासून भाऊ आमचं तोंड बघत नाही."

"मामाच्या घरी द्यायची रीत आहे तुमच्यात?"

"आपल्या आपल्यात द्यायची बघा. मलाच आत्याच्या मुलाला दिली. आणि ह्यांची बहीण माझ्या भावाला केली. साटंलोटं. मांडव एकच होता दोघांचा."

सर तिच्या शेजारी बाकावर बसले. "थांबा, थांबा. तुमची भावजय ही तुमच्या यजमानांची सख्खी बहीण? म्हणजे वनिताची मामी हीच तिची आत्या?"

"होय की. आत्याही तीच, मामीही तीच."

सर उठले ते जवळजवळ पळतच रक्तपेढीत आले. ओट्यासमोर उभे राहिले आणि तळहाताने ते आकडे पुसून टाकले. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मी चुकलो."

हातातली कामं थांबली. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकले नव्हते, आणि ऐकू येतील असं कुणी पैजेवरही म्हटलं नसतं.

"अख्खी हुबळी मोजत बसलो मी," ते म्हणाले. "जशी काही सगळी माणसं एकमेकांना अनोळखी. मामाची मुलं म्हटलं की सहसा आपण सोडून देतो, त्यांचं रक्त फारसं जवळ येत नाही. पण इथं आईकडूनही तेच घर, बापाकडूनही तेच घर, आणि आईबाप पुन्हा एकमेकांचे नातलग. ही मुलं मामाची नव्हेत, सख्ख्यासारखीच आहेत. आणि मी त्यांना परक्यांच्या आकड्याने मोजलं. विचारलंच नाही!"

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. वनिताच्या नवऱ्याला शोधून काढलं आणि चारचौघांत त्याला म्हणाले, "मास्तर, काल मी तुम्हाला सांगितलं ते चूक होतं. गुणाकार बरोबर होता, मांडणी चूक होती. माझी चूक." आपल्या वरच्या साहेबाने असं भर व्हरांड्यात म्हणावं, ह्याचं त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू! अंगावर मूठभर मांस चढलं. रोज ज्या बढाया आम्ही हसण्यावारी नेत होतो त्या सगळ्या मला एकदम खऱ्या वाटल्या. रक्तपेढी चालवावी तर ह्याच माणसाने.

आम्ही दोघं बाजारात गेलो. दुकानात स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी छताला लागलेल्या, गल्ल्यावर मामा. धोतर, काळी टोपी, बोलणं मोजून-मापून. सरांनी कोण, कुठले ते सांगितलं आणि वनिताचं नाव काढलं. मामांचा चेहरा दगडासारखा झाला.

"ती आमच्या घराला नको म्हणाली, डॉक्टर. मांडवापर्यंत आलेलं मोडलं तिनं. आता रक्त पाहिजे होय?"

"तिने मागितलं नाही. तिला माहीतही नाही आम्ही आलोय ते. मागण्याइतकं त्राण तिच्यात नाही."

"मग बाहेर काय माणसं कमी आहेत? एवढी मोठी हुबळी आहे."

सरांनी खिसा चाचपला, पण खडू काढला नाही. शेजारच्या उतरंडीतून एक डबा उचलला आणि त्याचं झाकण काढून हातात धरलं. "मामा, समोरच्या दुकानातलं झाकण ह्या डब्याला बसेल?"

"साचा वेगळा त्यांचा. शंभरात एखादं बसलं तर बसेल."

"आणि तुमच्या ह्याच साच्यातलं?"

"न बसायला काय झालं?"

"मग झालं तर," सर म्हणाले. "मी दोन दिवस समोरच्या दुकानातली झाकणं लावून बघतोय. साचा इथं आहे हे मला आज दुपारी कळलं. तुमची मुलं तपासली तर जुळतीलच असं नाही, पण जुळली तर तीच जुळतील. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. रक्त ओढून न्यायची वस्तू नव्हे."

एवढं बोलून सरांनी झाकण डब्यावर बसवलं, डबा जागेवर ठेवला आणि आम्ही निघालो. सरांनी आणखी थोडं समजवायला हवं होतं असं मला वाटत होतं. मागून मामांचा आवाज आला, तो आमच्यासाठी नव्हता.

"गिरीश! खाली ये माळ्यावरून. शटर ओढ. आणि बहिणींना फोन लाव."

संध्याकाळच्या आत तिघं आमच्याकडे हजर. गिरीश आणि त्याच्या दोन बहिणी. धाकटीची एक खूण आडवी आली. गिरीश आणि मोठी बहीण, दोघांत त्या तिन्ही खुणा नव्हत्या, आणि गटही ओ. तरीही शेवटची परीक्षा राहिली होती: वनिताचं रक्त आणि ह्यांच्या पेशी एका नळीत घालून गाठी धरतात का ते बघायचं. एरवी अशा वेळी सर कुणाला नळीला हात लावू देत नसत. त्या दिवशी त्यांनी दोन्ही नळ्या माझ्या हातात दिल्या आणि हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"तू बघ. मला हे जुळावंसं वाटतंय. ज्याला जुळावंसं वाटतं त्याने नळी बघू नये."

मी दिव्यासमोर नळ्या हलक्या हाताने हलवल्या. पेशी धुक्यासारख्या सुटत वर आल्या, एकही गाठ नाही. पुन्हा लावून पुन्हा बघितलं. मग सांगितलं. माझा जीव भांड्यात पडला. सर भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "दुसऱ्या कुणालातरी दाखव. तुलाही जुळावंसंच वाटत असणार." दोघांना दाखवलं, तेव्हा कुठे ते वळले.

इतक्या जवळच्या नात्याचं रक्त तसंच चढवलं तर त्यातल्या पांढऱ्या पेशी रोग्यावरच उलटू शकतात, म्हणून आधी त्याला किरण द्यावे लागतात. ती सोय गावातच दुसरीकडे होती. सर स्वतः पिशव्या घेऊन गेले, स्वतः परत आले. ज्या माणसाला अक्का गाडीची चावी देत नसत, त्याच्या मांडीवर पेटी ठेवून अक्काच गाडी चालवत होत्या.

आज मी त्याच रक्तपेढीची जबाबदारी सांभाळते. अवघड रोगी आला की आम्ही गुणाकार करतोच, पण त्याआधी घरातल्या एखाद्या जाणत्या बाईला बसवून विचारतो की तुमच्यात कुणाची लग्नं कुणाशी झालीत. बाहेरून शिकून आलेली नवी मुलं हे ऐकून हसतात. हसू देत. ही रीत सरांनी घालून दिली, एका दुपारी आपली चूक चारचौघांत सांगून, आणि ह्या रीतीचा मला माझ्या पदवीपेक्षा जास्त अभिमान आहे. सर निवृत्त होऊन केलगेरीला तळ्याकाठी फेऱ्या मारतात. फोन आला की पहिल्यांदा स्वतःची स्तुती, मग माझी चौकशी.

पिशवी लावली की सुरुवातीला रोग्याजवळ बसायचं, हा सरांचा शिरस्ता. ऑपरेशन पार पडल्यावर पिशवी लावली तेव्हाही ते वनिताच्या खाटेशी बसले होते, नजर थेंबांवर. मी पायथ्याशी उभी. तेवढ्यात टोपी हातात घेऊन मामा आत आले. मागे दारात गिरीश, कोपराच्या खोबणीत अजून पट्टी. वनिताने डोळे उघडले. किती वर्षांनी ती दोघं एकमेकांना बघत होती कोण जाणे.

मामांनी पिशवीकडे बघितलं. "काय गं," ते म्हणाले. आवाज कडक ठेवायचा प्रयत्न होता. "आमचं घर चालत नव्हतं तुला. रक्त चालतंय नव्हं?"

वनिता अगदी हळू म्हणाली, "मामा, घर नको असं कधी म्हणाले मी? गिरीश नको म्हणाले होते."

आधी हसला तो दारातला गिरीश. मामा हसले नाहीत. ते खाटेच्या कडेवर बसले, टोपी मांडीवर ठेवली. "मग तसं सांगायचं होतंस की," ते म्हणाले.

"विचारलं कुणी?" वनिता म्हणाली आणि सुई नसलेला हात तिने त्यांच्या हातावर ठेवला.

एवढं होईपर्यंत सरांनी एक शब्द काढला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली अशक्यातली अशक्य गोष्ट. थेंब नीट पडताहेत हे बघून ते उठले, मला खूण केली आणि आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला, पुन्हा पुसला. मग नेहमीच्या ऐटीत म्हणाले, "एकत्र होतं ते मी वेगळं धरलं. वेगळं होतं ते मामांनी इतकी वर्षं एकत्र धरलं. आमच्या दोघांचं मिळून उत्तर बरोबर आलं बघ."